आधी खांद्यावर माणूस, मग हातात ग्रेनेड

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

सोळाशे मीटर वेळेत मारतोस, तब्येत ठणठणीत आहे, आणि आता भरतीच्या तोंडावर लिहितोस की मला राग येत नाही, मग इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात, माझं काय काम? हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

दुसऱ्या महायुद्धात नामदेव जाधवांनी जर्मनांच्या तीन मशीनगन पोस्ट एकट्याने बंद पाडल्या, ते तुला पाठ आहे. त्याआधीचं वाचलंस का? नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा मराठा पलटणीचा शिपाई कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा, होता. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. पूर्वेचा बांध घेताना बरोबरची माणसं पटापट पडली. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. आणि दुसऱ्यासाठी परत गेले. गोळ्या चालूच होत्या.

आधी माणूस. पोस्टवर ते त्यानंतर धावले, मेलेल्या साथीदारांसाठी. हाताला गोळी लागली, टॉमी गन चालवता येईना, म्हणून ती टाकली आणि ग्रेनेड घेतले. तेही संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले, पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले, पुन्हा गेले. शेवटी बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. यात तुला नुसता राग दिसतो?

तू मराठा पलटणीच्याच, माणगावच्या यशवंत घाडग्यांचं नाव पुढे करशील. 10 जुलै 1944 ला त्यांचं अख्खं सेक्शन, म्हणजे हाताखालची छोटी तुकडी, पडलं होतं, मशीनगन अगदी समोर होती. ती बंद केल्याशिवाय कुणाला हात लावणंच शक्य नव्हतं. ते एकटे धावून गेले, तिथेच कामी आले. तेही आपल्या माणसांसाठीच.

मी फौजेत उस्ताद, म्हणजे शिकवणारा, असताना रंगरूटांना एकमेकांना खांद्यावर घेऊन चढ चढायला लावायचो. जाच म्हणायचे लोक. म्हणोत. नेम महिन्या-दोन महिन्यांत बसतो, पण पडलेल्यासाठी परत वळायची सवय पायांना लावावी लागते. मी लावली, आणि आजही तेच करीन.

जाधव 1984 साली पुण्यात वारले. पहिल्याला पोचवल्यावर परत वळताना पायांनी कसं ऐकलं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं, ती रुखरुख अजून आहे.

बाळा, तू घाबरट नाहीस. आधी माणूस, एवढं धर. रविवारी मित्राला खांद्यावर घे आणि टेकडी चढ. दम कुठे लागला ते कळव. रागाचं पुन्हा लिहू नकोस.