तळाच्या संघाने करंडक कसा जिंकला?

प्रश्न : माझी मुलगी आमच्या सोसायटीच्या आवारात चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळते. तिच्या आग्रहामुळे सेंट लुइस ब्लूज या आइस हॉकी संघाच्या २०१९ मधील शेवटच्या सामन्याचे चित्रण मी तिच्यासोबत पाहिले. जानेवारीत एनएचएल या उत्तर अमेरिकेतील लीगच्या ३१ संघांत तळाला असलेला संघ जूनमध्ये लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले करंडक उचलतो, याला नशीब म्हणावे काय?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नशिबाचा वाटा होताच, पण सर्वसाधारणपणे समजतात त्याहून तो बराच कमी होता, असे माझे मत आहे. ३ जानेवारी २०१९ रोजी सकाळी ब्लूजच्या खात्यावर ३७ सामन्यांत अवघे ३४ गुण होते. या लीगमध्ये विजयाला २ गुण मिळतात आणि जादा वेळेत हरले तरी १ गुण पदरात पडतो, हे ध्यानात घेतल्यास ही कमाई किती तुटपुंजी होती ते कळेल. तरीही तो संघ मुळात दुबळा नव्हता. त्याआधीच्या उन्हाळ्यातच त्यांनी रायन ओ'रायली याच्यासारखा आक्रमण आणि बचाव दोन्ही सांभाळणारा खेळाडू आणला होता. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलून क्रेग बेरुबी यांच्याकडे हंगामी सूत्रे देण्यात आली, आणि त्यांची शिस्त अंगवळणी पडायला काही आठवडे जावे लागले.

खरी उणीव गोलजाळ्यापाशी होती. आइस हॉकीचे गोलजाळे जेमतेम १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असते; त्यामुळे गोलरक्षकाचा एक चांगला महिना संघाचे रूप पालटू शकतो, तसा एक वाईट महिना चांगल्या संघालाही तळाशी नेऊ शकतो. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन या २५ वर्षांच्या नवख्याला प्रथमच सुरुवातीपासून उभे करण्यात आले, आणि फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढे ब्लूजने सलग ११ सामने जिंकले आणि उरलेल्या ४५ सामन्यांत ६५ गुण मिळवून ९९ गुणांवर मोसम संपवला. म्हणजे बाद फेरी सुरू झाली तेव्हा हा तळाचा संघ राहिलाच नव्हता. लोकांच्या मनात मात्र जानेवारीचा गुणतक्ता तसाच राहिला.

नशीब म्हणाल तर ते बाद फेरीत डॅलसविरुद्ध दिसले. सात सामन्यांच्या त्या मालिकेतील निर्णायक लढत जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रापर्यंत ताणली गेली, डॅलसच्या बेन बिशपने ५२ फटके अडवले, आणि अखेर सेंट लुइसमध्येच वाढलेल्या पॅट मरूनने जाळ्याच्या तोंडाशी पक (खेळातली रबरी चकती) आत ढकलला. तो फटका अडला असता तर आज आपण हा प्रश्न विचारला नसता.

आपण पाहिलेला अंतिम मालिकेतील बॉस्टनविरुद्धचा सामना पुन्हा पाहाल, तर पहिले सत्र मुलीसोबत जरा थांबत थांबत पाहा. बॉस्टनने जाळ्यावर १२ फटके मारले, ब्लूजने फक्त ४; तरीही सत्र संपले तेव्हा आघाडी ब्लूजकडे २-० अशी होती, आणि त्यातील दुसरा गोल केवळ ८ सेकंद उरलेले असताना झाला. तिसऱ्या सत्रात बॉस्टनच्या नॉर्डस्ट्रॉमचा फटका बिनिंग्टनने पाय पूर्ण लांबवून अडवला. गोलरक्षक बर्फावर आडवा कसा सरकतो, हे मुलीला शिकवायचे असेल तर त्याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. सामना ४-१ असा जिंकून, १९६७ मध्ये लीगमध्ये आलेल्या या संघाने आपला पहिला करंडक मिळवला.

प्रश्न : बाद फेरीत सर्वांत खालच्या मानांकनाने आलेला संघ कधी विजेता ठरला आहे काय?
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : होय, २०१२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज. पश्चिम विभागातून आठव्या मानांकनाने आलेल्या या संघाने त्याच विभागातील पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मानांकित संघांना ओळीने हरवले आणि अंतिम मालिकेत न्यू जर्सीवर ४-२ अशी मात केली. बाद फेरीतील २० सामन्यांपैकी त्यांनी केवळ ४ गमावले, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला जोनाथन क्विक याला. तोही गोलरक्षकच होता.