आयसीयूत नव्याने लागलेल्या सिस्टरसाठी

पहिले काही दिवस सगळं लक्ष मॉनिटरकडेच जाईल, साहजिक आहे. पण ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा) घेताना आधी पेशंटजवळ जा, मग स्क्रीन बघ.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) अचानक ८२ टक्के दिसलं, तर पेशंटचा चेहरा आणि श्वास बघ. धाप लागली असेल तर प्रोबशी (बोटाला लावलेल्या सेन्सरशी) खेळत बसू नकोस. ऑक्सिजन लाव, डॉक्टरांना बोलाव. पेशंट शांत बोलत असेल तर बोट हातात घे. गार पडलंय का, नेलपॉलिश आहे का, त्याच हाताला बीपीचा कफ फुगतोय का? आणि सावळ्या त्वचेवर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो, म्हणून ९४ बघून निर्धास्त होऊ नकोस. श्वास पूर्ण एक मिनिट स्वतः मोज.

शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचंही तेच. कॅन्युला (शिरेत घातलेली बारीक नळी) शिरेबाहेर सरकली तरी पंप बऱ्याचदा न वाजता औषध ढकलत राहतो. हाताच्या शिरेतून बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड चालू असेल तर ती जागा सारखी बघ: सूज, गारपणा, पांढुरकी पडलेली कातडी. हे तुझ्या बोटांनाच कळणार.

कॉम्प्युटरवरच्या नोंदी त्या त्या वेळीच कर. दुसऱ्याच्या लॉगिनवरून कधीच नाही.

‘आता सगळं मशीनच करतं’ असं कोणी म्हटलं की मला फार लागतं. अलार्म खरा की प्रोब निसटलाय, हे ठरवणारी तूच असतेस. म्हणून डॉक्टरांना फोन करताना नुसतं ‘अलार्म वाजला’ म्हणू नकोस. तू काय पाहिलंस आणि तुला कशाची काळजी वाटते, ते स्पष्ट सांग.