भिवापुरी मिरचीने आग होते, मग तिच्यातलंच कॅप्सेसिन दुखण्यावर कसं चालतं? रेणू बदलून आग टाळता येईल का?

आग आणि आराम एकाच दारातून येतात. ते दार म्हणजे दुखणं जाणवून देणाऱ्या चेतातंतूवरचं टीआरपीव्ही१ हे प्रथिन. ते १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, २०२१ मध्ये त्यावर नोबेल मिळालं. कॅप्सेसिन त्याला चिकटलं की कॅल्शियम आत शिरतं, आग होते. हेच वारंवार झालं की तंतूचं टोक बधिर होतं.

म्हणून कॅप्सेसिनचं मलम ०.०२५ ते ०.०७५ टक्के, दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे. अनेक जण लवकरच कंटाळून सोडतात, मग ‘गुण नाही’ म्हणतात! हाताला लागलं तर आधी तेल, मग साबण. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. सावजीवाल्याची मिरची वाटून गुडघ्याला थापू नका, मात्रा कळत नाही, कातडी मात्र भाजते.

आता रेणू. त्याला एक डोकं आहे, एक लांब शेपटी. डोक्याकडचा फिनॉलचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) झाकला की काम जवळपास थांबतं, तिथे हात लावू नका. खेळायचं ते शेपटीशी. नऊच्या आसपास कार्बन असले की झणझणीत. ओलेइक आम्लाची अठरा कार्बनची शेपटी लावली की होतं ओल्व्हानिल. तिखटपणा जवळजवळ गेला, प्राण्यांमध्ये वेदनाशमन उरलं. अडचण अशी की रेणू इतका तेलकट, की पाण्यात विरघळतच नाही.

दार उघडण्याऐवजी बंद करणारे रेणूही झाले. त्यातल्या एएमजी ५१७ या प्रायोगिक औषधाने माणसांना ताप चढला, कारण हेच प्रथिन शरीराचं तापमानही सांभाळतं.