ओठांचं दार

मावशी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. माझं वय बेचाळीस. नोकरी हिशेब विभागात. घरी नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. रात्री दोन-तीनदा उठतात आणि दिवसभर एकच विचारत राहतात, "दार लावलं का?" वर्षभरात बायबल पूर्ण करायचं ठरवून मी जानेवारीपासून रोज पहाटे साडेपाचला उठते. उत्पत्तीपासून ओळीने वाचते, एकही दिवस चुकवलेला नाही. परवा दोनशे बारावा दिवस होता, यशयाचं पुस्तक चालू आहे. त्याच सकाळी मी सासूबाईंवर इतक्या जोरात ओरडले की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, "आई, तुझं बायबल वाचून झालं की आम्ही सगळे जरा जपूनच असतो." त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं म्हणून मी एका पावतीवर मागची तारीख घातली. रविवारी उपासनेत गीत म्हणताना आवाजच फुटेना. मी ढोंगी आहे का? तसं असेल तर वाचन बंद केलेलंच बरं, असं वाटतं.

– एक बहीण

प्रिय लेकी,

वाचन बंद करू नकोस. पण आजपासून कमी कर, खूप कमी. सगळ्यांनी तुला याच्या उलट सांगितलं असेल, म्हणून माझं कारण नीट सांगते.

बायबलचे अध्याय १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून जास्त वाचावे लागतात. ज्याची झोप पुरी होते, ज्याच्या सकाळी कुणी हाक मारत नाही, त्याने ते जरूर करावं. सगळं शास्त्र एकदा सलग वाचण्यात मोठा आनंद आहे. तू मात्र रात्री तीनदा उठतेस आणि साडेपाचला तीन अध्याय उरकतेस. 'उरकतेस' हा शब्द कठोर वाटला तर माफ कर. पण हिशेब घाल: दोनशे बारा दिवसांत एक दिवसही चुकला नाही हे तुला पाठ आहे, आणि त्या सकाळी काय वाचलं होतं याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. त्याच्या तीन-चार दिवस आधी यशयाचा पहिला अध्याय तुझ्या डोळ्यांखालून गेला असणार. त्यात देव आपल्याच लोकांना सांगतो की तुमच्या सभा आणि सण मला ओझं झालेत. आधी स्वतःला धुवा, वाईट करायचं सोडा, चांगलं करायला शिका. 'शिका' म्हणतो तो. म्हणजे जमत नाही हे त्याला आधीच ठाऊक आहे.

आता ढोंगाचं. ढोंग्यांबद्दल प्रभू येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात बोलतो, आणि तिथली त्यांची खूण एकच आहे: लोकांनी पाहावं म्हणून ते चौकात उभे राहून प्रार्थना करतात. तू तीन पत्रं फाडून चौथं नाव न घालता पाठवलंस. पाहणाऱ्यांसाठी जगणारं माणूस असं करत नाही. रविवारी तुझा आवाज अडला तो वचन आत पोचलं म्हणून, असं मला वाटतं. याकोब आपल्या पत्रात आरशाचा दाखला देतो तो आठव. त्या काळचा आरसा घासून चकचकीत केलेल्या धातूचा, त्यात चेहरा दिसायला वाकून निरखावं लागे. त्या दाखल्यातला माणूस चेहरा पाहतो, मग निघून जातो आणि आपण कसे दिसत होतो ते विसरतो. चूक त्या विसरण्यात आहे. तू विसरली नाहीस, म्हणून तर हे पत्र आलं.

पण नुसतं आठवत राहून चेहरा धुतला जात नाही, म्हणून कामाचं बोलू.

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस 'मनन' करतो, असं आपण वाचतो. मनन म्हटलं की डोळे मिटलेलं, शांत बसलेलं माणूस समोर येतं. मूळ इब्री (हिब्रू) शब्द 'हागा' आहे आणि तो तोंडाने, पुटपुटत करायच्या गोष्टीचा आहे. तुझ्या योजनेत आता यशयाचा एकतिसावा अध्याय येईल. त्याच्या चौथ्या वचनात सिंह आपल्या शिकारीवर बसून गुरगुरतो, तिथे हाच शब्द आहे. अडतिसाव्या अध्यायात आजारी हिज्किया राजा पारव्यासारखा कण्हतो, तिथेही हाच. म्हणजे मनन हे पहाटेच्या निवांतपणाचंच काम नाही. तोंडात धरून ठेवायचं, हात कामात असताना घोळवायचं, सोडायचं नाही. आणि तीन अध्याय तोंडात धरता येत नाहीत. एक वचन धरता येतं.

पिढ्यान् पिढ्या विश्वासणाऱ्यांनी असंच केलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. गुटेनबर्गचं बायबल छापून झालं १४५५ च्या सुमारास, आणि त्यानंतरही ते घरोघरी पोचायला शतकं लागली. प्रेषित पौलाची पत्रं मंडळीत, म्हणजे जमलेल्या विश्वासणाऱ्यांपुढे, मोठ्याने वाचली जात. कलस्सैच्या मंडळीला तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचवा. ऐकणाऱ्यांत दास होते, बाया होत्या, ज्यांना अक्षर येत नव्हतं असे कितीतरी होते. घरी जाताना त्यांच्याकडे कानात राहिलेलं तेवढंच. त्याच पत्रात दासांना म्हटलं आहे की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. दुसऱ्या दिवशी धन्याच्या घरी राबताना त्यांच्यापाशी हे एक वाक्य होतं.

तुझ्यासाठी मी वचन निवडलं आहे. स्तोत्र १४१, वचन तीन. दावीद मागतो की परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारेकरी ठेव, माझ्या ओठांचं दार राख.

दार. तुझं पत्र वाचताना मी इथेच थांबले. तुझ्या घरात एक वृद्ध बाई दिवसातून चाळीस वेळा विचारते, दार लावलं का? तिला ठाऊक नाही, पण तुझ्या प्रार्थनेची वेळ झाल्याचं ती तुला चाळीस वेळा सांगते आहे. प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी एक श्वास घे आणि मनात म्हण, प्रभू, माझ्या ओठांचं दार राख. एवढंच. मग सासूबाईंना उत्तर दे. पहिल्या दिवशी चाळीसपैकी चार वेळा आठवेल. चार वेळा आठवलं तरी ते त्या पहाटेच्या तीन अध्यायांहून खोल गेलेलं असेल, हे मी अनुभवाने सांगते.

माझे वडील शेवटची दोन वर्षं मला ओळखत नव्हते. एका संध्याकाळी औषधाची गोळी त्यांनी तिसऱ्यांदा थुंकली आणि मी ओरडले. त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात कानांवर ठेवले. पाच मिनिटांत ते सगळं विसरले. गोळी, मी, ओरडणं, सगळं. पण त्या रात्री पांघरूण सारखं करायला मी जवळ गेले की ते हात आखडून घेत. कशाची भीती वाटते हे त्यांना सांगता येत नव्हतं, भीती मात्र शिल्लक होती. या आजारात असंच होतं: घटना पुसली जाते, तिचा मनावर उठलेला वळ काही वेळ राहतो. चांगलं सांगायचं तर गोड बोलण्याचाही राहतो. सासूबाईंना तुझे शब्द आठवणार नाहीत, पण तुझ्या आवाजाने आलेला धीर संध्याकाळपर्यंत टिकू शकतो.

आणि त्या दाराबद्दल विचारतात तेव्हा बहुतेक त्यांना दाराची माहिती नको असते. असुरक्षित वाटत असतं. "सांगितलं ना, लावलंय!" हे उत्तर खरं असूनही पोचत नाही. कधी "मी आहे इथे" म्हणून बघ. त्या रात्री-अपरात्री उठतात हे डॉक्टरांच्या कानावर घाल. त्यामागे कधी दुखणं असतं, कधी एखाद्या औषधाचा परिणाम. ते तपासून घेणं हा विश्वासाचा अभाव नव्हे.

क्षमा मागायची आहे, आणि ती आधी माग. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तू वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे तो बोलतो गालीलात आणि वेदी आहे यरुशलेमेत, पायी काही दिवसांची वाट. ऐकणाऱ्यांना अंतर ठाऊक होतं. दान तसंच ठेवून घरी परत जायचं आणि मग पुन्हा यायचं, इतकं ते गरजेचं. तुझी मुलगी पलीकडच्या खोलीत आहे. उद्या पहाटे बायबल उघडण्याऐवजी ती उठेपर्यंत झोप, आणि ती उठली की तिच्याजवळ बसून सांग, "तू खरं बोललीस. मी आजीवर ओरडले ते चूक होतं. मला माफ कर." पुढे 'पण' लावू नकोस. 'पण मी किती दमते' हे खरं आहे, मात्र ते तिला सांगायचं वाक्य नाही, नवऱ्याला सांगायचं आहे. सासूबाईंचीही क्षमा माग. त्या विसरतील. तरी माग.

नवऱ्याचं नाव निघालं म्हणून विचारते. तुझ्या एवढ्या पत्रात तो 'घरी नवरा' या दोन शब्दांत संपला आहे. त्या त्याच्या आई आहेत. रात्री कोण उठतं? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात 'एकमेकांची ओझी वाहा' असं आहे, 'एकटीने सगळी वाहा' असं नाही. आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्या, हे आजच बोलून घे. मंडळीतल्या दोघी-तिघींना सांग की रविवारी दुपारी दोन तास कुणीतरी सासूबाईंपाशी बसा. आपल्या मंडळ्यांत आजाऱ्यासाठी प्रार्थना भरपूर होते, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला झोपायला कुणी पाठवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. १ राजे, एकोणिसावा अध्याय काढ. एलीया संदेष्टा रानात झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवाचा दूत त्याला प्रवचन देत नाही. हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, दूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगर आणि देवाची ती मंद वाणी नंतर. साडेपाचला उठणं ही आज्ञा नाही, लेकी. यंदा तुझी उपासना कदाचित सात वाजेपर्यंतची झोप असेल.

राहिली पावती. यात मी गुळमुळीत बोलणार नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, जिथे शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, तिथेच काही वचनांपुढे खरे तराजू आणि खरी मापं ठेवण्याची आज्ञा आहे. देवाने या दोन गोष्टी लांब लांब ठेवल्या नाहीत. मागची तारीख हे खोटं माप आहे. ती पावती अजून दुरुस्त होण्यासारखी असेल तर साहेबांना एकटं गाठून सांग, "ती तारीख मी घालायला नको होती. खरी तारीख घालून पुन्हा करते." पुढच्या वेळचं वाक्यही आत्ताच तयार ठेव: "सर, काम रात्री थांबून करेन, पण तारीख आजचीच घालेन." आवाज चढवायचा नाही, वचन ऐकवायचं नाही. तुझं होय ते होय आणि नाही ते नाही असलं की तेवढी साक्ष पुरे.

याने काही बिघडणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. साहेब चिडतील, बढती अडेल, कदाचित त्याहून जास्त. दानीएलाचे तिघे मित्र भट्टीपुढे उभे राहून राजाला काय म्हणाले ते तुझ्या योजनेत पुढेच आहे: आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'नाही सोडवलं तरी' हे शब्द त्यांना भट्टीत पडण्याआधी बोलावे लागले. आत चौथा कुणी सोबत फिरणार आहे हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. तू हे एकटीने करू नकोस. बोलायला जाण्याआधी नवऱ्याला आणि पाळकसाहेबांना सांग, आणि त्या वेळी कुणीतरी तुझ्यासाठी प्रार्थनेत असू दे.

योजनेचे उरलेले दिवस जातील तिकडे जाऊ देत. यशया पुढच्या वर्षीही तिथेच असेल. महिनाभर हे एकच वचन. एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर लाव, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. आज रात्री सासूबाईंनी विचारलं की खोलीतून उत्तर देऊ नकोस. उठ, त्यांचा हात धर, दारापर्यंत घेऊन जा, त्यांची बोटं कडीवर ठेव आणि त्यांनाच ओढून बघू दे. त्यांचं समाधान होईतो तिथेच उभी राहा आणि कागदावरचं वाच.

तुझी,
मावशी