हिमालयात येणारं हिमवादळ घरबसल्या कसं बघायचं? कुठे किती बर्फ पडेल आणि कधी थांबेल, हे आधी कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: फेब्रुवारीच्या शेवटी आईवडिलांना घेऊन मनाली आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौलमधल्या सिस्सूला जायचंय. मोबाइलमधलं एक अ‍ॅप ४ सेंटिमीटर बर्फ दाखवतं, दुसरं ४०. मग विश्वास कशावर ठेवायचा?

माझ्या मते दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि वादळाच्या मागावर राहा. हिमालयातलं हिवाळी वादळ डोक्यावर अचानक उगवत नाही. ते पश्चिमेकडून चालत येतं आणि येताना स्पष्ट दिसतं. मी दर हिवाळ्यात हे नकाशे रोज उघडून बसतो. जाण्याआधी चार दिवस थोडा वेळ दिलात तर तुम्हालाही ते वाचता येतील.

आपल्या बातम्यांत ज्याला पश्चिमी झंझावात म्हणतात, तेच हे. भूमध्य समुद्र ते कॅस्पियन या पट्ट्यात हवेच्या वरच्या थरांत कमी दाबाची लाट तयार होते आणि जेट प्रवाहाबरोबर (उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याबरोबर) इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येते. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला साधारण चार ते सहा लाटा येतात. त्यांतल्या बऱ्याचशा नुसते ढग दाखवून पुढे सरकतात. बर्फ आणणारी लाट वेगळी ओळखता येते, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

विंडीसारख्या संकेतस्थळावर वाऱ्याचा ५०० हेक्टोपास्कलचा (हे हवेच्या दाबाचं माप) थर निवडा. हा साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरचा वारा. तिथे लाटेचा खोलगट भाग दक्षिणेकडे किती खाली उतरलाय ते पाहा. नुसता काश्मीरच्या माथ्यावरून जात असेल तर फार काही घडत नाही. तोच राजस्थान-सिंधपर्यंत लोंबत असेल तर लक्ष द्या. मग ८५० हेक्टोपास्कलवर, म्हणजे दीड किलोमीटर उंचीवर, या. राजस्थान किंवा पाकिस्तानी पंजाबवर छोटं कमी दाबाचं क्षेत्र झालंय का? अरबी समुद्रावरून निघालेला वारा गुजरात, राजस्थान, पंजाबमार्गे थेट डोंगराकडे जातोय का? भूमध्य समुद्राकडून निघालेली वाफ इथवर येईतो बरीच कमी झालेली असते, त्यामुळे अरबी समुद्राची ही भर पडली की वादळाचं रूपच पालटतं. वरची खोल लाट आणि खालचा दमट वारा हे दोन्ही एकत्र दिसले, तर अ‍ॅप ४ सेंटिमीटर म्हणत असलं तरी मी तयारीत राहीन.

वेळ कशी काढायची? या लाटा सर्वसाधारणपणे दिवसाला हजारेक किलोमीटर सरकतात. लाटेचा अक्ष, म्हणजे खोलगट भागाची मधली रेषा, तेहरानवर असेल तर काश्मीरपर्यंत यायला दोनेक दिवस, काबूलवर आला तर अर्धा दिवस. खोल लाटा रेंगाळतात, म्हणून दर सहा-बारा तासांनी जागा पुन्हा तपासा. बर्फ आधी काश्मीरमध्ये, मग चंबा-लाहौल-कुल्लूत, मग उत्तराखंडात सुरू होतो आणि थांबतोही साधारण त्याच क्रमाने. तुम्ही मनालीत असाल तर श्रीनगर आणि जम्मूकडचं आकाश कधी मोकळं झालं, ते बघत राहा. तिकडे वारा वायव्येकडून वाहू लागला की तुमच्याकडची उघडीपही फार लांब नसते.

उपग्रहाची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) या उपग्रहांची चित्रं दिवसरात्र येत राहतात. एकच चित्र बघू नका, चलचित्र लावा. दिवसाच्या चित्रात जमिनीवरचा बर्फ आणि ढग दोन्ही पांढरेच दिसतात, पण बर्फ जागचा हलत नाही. इन्फ्रारेड चित्रात, म्हणजे ढगांचा गारवा टिपणाऱ्या चित्रात, पातळ, उंचावरचे ढगसुद्धा झळझळीत दिसतात आणि त्यांतून काहीच पडत नाही. ते पाहून घाबरायचं कारण नाही.

रडार मात्र जपून वाचा. शिमल्याजवळ कुफ्रीला आणि उत्तराखंडात मुक्तेश्वरला २०२१ मध्ये डॉप्लर रडार सुरू झाले, पुढे चंबा जिल्ह्यात जोत आणि मंडीत मुरारी देवी इथेही आले. हे एक्स-बँडचे (छोट्या तरंगलांबीचे), साधारण शंभर किलोमीटर पल्ल्याचे रडार आहेत. डोंगर त्यांची किरणं अडवतो. त्यामुळे उंच रांगेमागच्या खोऱ्यात काही दिसत नसेल, तर त्याचा अर्थ तिथे बर्फ नाही असा होत नाही. उलट वितळू लागलेला बर्फ रडारवर प्रत्यक्षापेक्षा जोरदार दिसतो.

आता तुमच्या ४ आणि ४० च्या कोड्याकडे येऊ. अ‍ॅपमधले आकडे संगणकी हवामान मॉडेलांतून येतात. युरोपीय हवामान केंद्राचं जागतिक मॉडेल सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींत जग बघतं, अमेरिकेचं त्याहून जाड चौकटींत. कुल्लूच्या खोऱ्यात ९ किलोमीटरमध्ये नदीकाठ, सफरचंदांच्या बागा आणि चार हजार मीटरचा कडा हे सगळं येतं. या सगळ्याची सरासरी म्हणजे तुमच्या हॉटेलचं हवामान नव्हे. शिवाय एका अ‍ॅपने गावाची उंची १८०० मीटर धरली आणि दुसऱ्याने २६००, तर एकात पाऊस येईल आणि दुसऱ्यात बर्फ.

म्हणून सेंटिमीटरऐवजी दोनच गोष्टी शोधा: एकूण पाणी किती मिलिमीटर पडणार आणि शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिथे हवेचं तापमान शून्यावर येतं ती उंची, किती असणार. बर्फ साधारणपणे त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकतो. पडण्याचा जोर मोठा असेल तर वितळण्याने हवाच गार होते आणि तो आणखी खाली येतो. समजा पातळी २४०० मीटरवर आहे. भुंतर (सुमारे ११०० मीटर) आणि कुल्लू शहरात पाऊस. मनालीत (सुमारे २०५० मीटर) पाऊस आणि ओला बर्फ यांची रस्सीखेच. सोलंगमध्ये बर्फ आणि तीन हजार मीटरच्या वर असलेल्या अटल बोगद्याच्या तोंडाशी भरपूर कोरडा बर्फ. भुंतर ते बोगदा हे अंतर गाडीने शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

पाण्यावरून बर्फाची जाडी काढायची ढोबळ रीत अशी की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ होतो. शून्याजवळचा ओला बर्फ याहून कमी भरतो. उणे आठ-दहा अंशांतला भुसभुशीत बर्फ दीडपट किंवा त्याहूनही जास्त. सिस्सूचा आकडा मनालीपेक्षा मोठा दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे.

यात वाऱ्याची दिशा आणि रांगांची ठेवण मिसळा. नैर्ऋत्येचा दमट वारा आधी पीर पंजाल आणि धौलाधारवर आदळतो, बरंचसं तिथेच सांडतं. त्यामुळे पीर पंजालच्या पायथ्याच्या काझीगुंडला श्रीनगरपेक्षा जास्त मिळतं, लाहौलला बऱ्यापैकी, स्पितीला कमी आणि लेहपर्यंत फारच थोडं उरतं.

हवामान विभागाच्या सूचनेतले शब्दही मोजलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. शिमला केंद्राच्या सूचनेत लाहौल-स्पिती आणि कुल्लूसाठी ‘बहुतांश ठिकाणी’ आणि जोडीला नारिंगी इशारा आला, तर मी त्या दिवशी आईवडिलांना घेऊन बोगद्यापलीकडे जाणार नाही. आणि ‘गेल्या २४ तासांतला बर्फ’ सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. दुपारी पडलेला बर्फ दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात शोधा.

फेब्रुवारी २०२५ चं शेवटचं वादळ मला अजून अस्वस्थ करतं, कारण तुमच्या प्रवासाचेच ते दिवस होते. कोरड्या गेलेल्या जानेवारीनंतर खोल लाट आली. कुल्लूत २८ फेब्रुवारीला पावसाने नाले उफाळून गाड्या वाहून गेल्या, तर वर बर्फाने रस्ते बंद झाले. त्याच दिवशी उत्तराखंडात बद्रीनाथजवळ माणा इथे हिमस्खलन झालं आणि सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ कामगार त्यात अडकले. ४६ वाचले, ८ जणांनी प्राण गमावले. थोड्या वेळात पडलेला बर्फ जुन्या थरावर नीट बसलेला नसतो. म्हणून धोका वादळाबरोबर संपत नाही. ऊन पडल्यावर पुढचा एक-दोन दिवस तो राहतो.

यासाठी चंदीगडच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक बघा. जिल्हा आणि उंचीनुसार त्यात धोक्याची पातळी दिलेली असते. हवामान विभागाचा इशारा मागे घेतला गेला आणि हे पत्रक अजून वरच्या पातळीवर असलं, तर मी पत्रकाचं ऐकतो.

तुमच्यासाठी प्रत्यक्ष बेत असा सुचवेन: मनालीचा मुक्काम पक्का ठेवा, सिस्सूचं आरक्षण मात्र रद्द करता येईल असंच घ्या. बर्फ थांबल्यावर लगेच निघू नका. रस्ता मोकळा झाला तरी सकाळी त्यावर काचेसारखा गोठलेला थर असतो आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या सोलंगच्या चढावरच घसरू लागतात. सकाळी अकरानंतर निघून दुपारी चारच्या आत परत या. साखळ्या लावता येणारा स्थानिक चालक घ्या. पोलिसांनी फक्त चारचाकी-चालन (फोर बाय फोर) गाड्या सोडल्या, तर त्या दिवशी आईवडिलांना मनालीतच थांबू द्या. तारखा ठरल्या की इथे लिहा, निघण्याआधी तीन-चार दिवस मी नकाशे बघून लाट कुठे आहे ते कळवीन.