मॅनेजर काढण्याआधी विचारा, खेळाडू कोणी आणले?

प्रश्न आहे: 'फुटबॉल क्लब सतत हरत असेल तर मॅनेजर बदलावा की त्याला वेळ द्यावा? मँचेस्टर युनायटेडने एवढे मॅनेजर बदलून काय मिळवलं?'

ठेवावा. निदान मोसम संपेपर्यंत तरी ठेवावा. आणि काढायचाच असेल तर ज्याने खेळाडू आणले त्यालाही त्याच दिवशी घरी पाठवावं. हे नुसतं टीव्हीवर मॅच बघून सांगत नाही. मॅनेजर म्हणजे शेवटी मुख्य कोचच, आणि एका कोचला काढण्यासाठी मी स्वतः हात वर केलेला आहे.

२०११ची गोष्ट. परळच्या आमच्या चाळीच्या क्लबची टीम तेव्हा जिल्ह्याच्या लीगमध्ये सेकंड डिव्हिजन खेळायची. मी खजिनदार. आमचे कोच रेल्वेत नोकरीला होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. सकाळी पावणेसहाला बॉलची जाळी खांद्यावर टाकून मैदानात हजर. दीड तास प्रॅक्टिस, मग तिथल्याच नळावर तोंड धुऊन ड्युटीला. पैसे घेत नसत. वर्षाला एक ट्रॅकसूट, तोही आम्ही आठवण ठेवली तर.

त्या मोसमाआधी आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, नोकरी लागून नाशिकला गेला आणि गोलीची, म्हणजे गोलकीपरची, इंजिनिअरिंगची परीक्षा आली. सरांनी कमिटीला चिठ्ठी दिली: एक लेफ्ट बॅक आणि दोन महिन्यांपुरता एक गोली बघा, बाकी काही नको. कमिटीने आणले तीन फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारे. नावाजलेली पोरं होती. मॅचमागे गाडीभाडं ठरलं आणि आमच्या अध्यक्षांनी त्यांना नऊ, दहा, अकरा नंबरची जर्सीही कबूल केली. अध्यक्ष म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. दादा.

पहिल्या सहा मॅचमध्ये पाच हार, एक बरोबरी. मंडळाच्या खोलीत मिटिंग बसली. दादा म्हणाले, 'पोरं चांगली आहेत, सरांना ती वापरता येत नाहीत.' आठ जणांची कमिटी. पाच हात वर गेले, त्यातला एक माझा. चिठ्ठी माझ्याच फाइलमध्ये होती. ती मी बाहेर काढली नाही. घरातलं माणूस अध्यक्ष, कशाला वाद, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर माझ्या दारात आले. जाळी खाली ठेवली आणि बॉल मोजून दिले. 'अकरा आहेत. दोन पंक्चर.' पंप, त्याची सुई कागदात गुंडाळलेली, शिटी. शेवटी एक दोनशे पानी वही. चहा घ्या म्हटलं, तर नाही म्हणाले.

वही मी रात्री उघडली. पुढच्या पानांवर पोरांची हजेरी. मागच्या बाजूने आमच्यावर झालेला प्रत्येक गोल. पट्टीने आखलेलं छोटं मैदान, आमचे खेळाडू म्हणजे टिंबं, बॉल कुठून आला त्याचा लाल बाण. सहा मॅचमध्ये चौदा गोल, चौदा मैदानं. मी बाण मोजले. नऊ आमच्या डावीकडून. तिथे लेफ्ट बॅक म्हणून खेळत होता आमचा राइट हाफ, म्हणजे उजवीकडे मधल्या फळीत खेळणारा, कारण दुसरं कोणी नव्हतंच. सातव्या पानावर बाणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'याची चूक नाही. ही त्याची जागा नाही.'

आता युनायटेडकडे या. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६मध्ये आला. पहिला करंडक, एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, मिळायला १९९० उजाडलं. त्याच मोसमात सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ धुतलं होतं आणि लीगमध्ये ते १३वे आले होते. तरी क्लबने हात सोडला नाही. पुढे त्याने १३ लीग जिंकल्या आणि २०१३मध्ये तो स्वतःहून निवृत्त झाला. त्यानंतर मॉयेस आला, सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत बाहेर. व्हॅन गालने २०१६चा एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. मग मोरिन्यो, मग सोल्शायर. टेन हागने मे २०२४मध्ये सिटीला हरवून एफए कप आणला. जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, उन्हाळ्यात खेळाडू घेतले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याला काढलं. तेच खेळाडू नवा मॅनेजर आमोरीमच्या हाती आले, ज्याला तीन बचावपटू ठेवून खेळायचं होतं. मोसम संपला १५व्या नंबरवर. आमचा राइट हाफ लेफ्ट बॅकला उभा केला होता, तोच प्रकार, फक्त कोट्यवधी पौंड खर्चून.

आर्सेनलचं बघा. त्यांचा मॅनेजर आर्टेटा सलग दोन मोसम आठवा आला, २०२१-२२च्या पहिल्या तिन्ही मॅच हरला. तेव्हा त्याला हाकला म्हणणारे माझ्या ऑफिसातही होते. पुढे सलग तीन वर्षं दुसरा नंबर. त्या तीन वर्षांत लीग जिंकली नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आठवा नंबर आठवावा.

कोणी म्हणेल, आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने तर कोच बदलूनच करंडक आणले. खरं आहे, ते मीही बघितलंय. २०२०-२१मध्ये कोच लोबेराने शील्ड (साखळीत अव्वल येण्याची) आणि कप (त्यानंतरच्या बाद फेरीचा) दोन्ही जिंकले. बकिंगहॅमने २०२२-२३ची शील्ड ४६ गुणांनी घेतली. क्रातकी डिसेंबर २०२३मध्ये मध्येच आला आणि ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप घेऊन आला. पण बकिंगहॅमला काढलं नव्हतं, तो ऑक्सफर्ड युनायटेड या इंग्लंडच्या क्लबकडे निघून गेला. आणि बकिंगहॅम काय, क्रातकी काय, दोघेही आधी मेलबर्न सिटीत सहायक होते, आणि मुंबई सिटी, मेलबर्न सिटी तेव्हा एकाच मालकाचे क्लब, म्हणजे दोघेही घरातलेच. खेळायची पद्धत क्लबची होती, माणूस बदलला तरी ती बदलायची नव्हती. असं घर ज्याने बांधलंय त्याने खुशाल कोच बदलावा.

ठेवण्याचंही उलट उदाहरण आहे, ते लपवत नाही. २०१६मध्ये कोच गिमारायसने मुंबई सिटीला साखळीत अव्वल आणलं, क्लबने त्यालाच ठेवलं आणि पुढच्या मोसमात टीम सातवी आली. मध्येच कोच बदलून जिंकल्याचंही आहे: टुखेलने जानेवारी २०२१मध्ये चेल्सीत येऊन मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. ड्रेसिंग रूम कोचचं ऐकेनाशी झाली असेल, किंवा कोच पोरांना घालूनपाडून बोलत असेल, तर मोसम संपायची वाट बघू नये. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. सर गेल्यावर चार पोरं प्रॅक्टिसला यायची बंद झाली.

दादा दर दिवाळीला म्हणतात, 'सरांना काढलं म्हणून त्या वर्षी वाचलो.' वाचलो, हे खरं. नवीन कोच आल्यावर पाच मॅचमध्ये दोन जिंकलो, एक बरोबरी, एका गुणाने डिव्हिजन राहिली. पण त्या दोन्ही जिंकलेल्या मॅच तळाच्या दोन टीमविरुद्ध होत्या, आणि परीक्षा संपवून आमचा गोली परत आला होता. तळाच्या टीम शेवटी खेळायच्या हे वेळापत्रकातच होतं, सर असते तरी त्या तेव्हाच आल्या असत्या. पुढच्या वर्षी लेफ्ट बॅक न आणताच उतरलो आणि थर्ड डिव्हिजनमध्ये गेलो. तेव्हा कोच दादांच्या पसंतीचा होता, तीन फॉरवर्डही तेच होते.

दादा, तुम्ही माझी उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. समोर बसून हे बोलायला मला इतकी वर्षं जमलं नाही. वही अजून माझ्या कपाटात आहे, तुम्हाला दिलेली ती चिठ्ठीही तिच्यातच ठेवलीय. या दिवाळीला याल तेव्हा दोन्ही पुढ्यात ठेवतो. बाण तुम्हीच मोजा.