वाचक विचारतात : साठीनंतरची ई-सायकल

प्रश्न : वय ६८. उजवा गुडघा दुखतो, पण सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नाही. नेरुळमध्ये भाजी, बँक, ग्रंथालय आणि पहाटे पाम बीच रोडच्या कडेने एक फेरी, एवढीच गरज आहे. दुकानदार ‘एका चार्जमध्ये ७० किमी’ वाली दाखवतात. घ्यावी का?
– निवृत्त शिक्षिका, नेरुळ

उत्तर : किलोमीटरचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. आधी चढता-उतरता किती सहज येते ते पाहा. दुकानातच सायकल स्टँडवरून काढा, दोन्ही ब्रेक दाबून धरा आणि पाय मागून न टाकता पुढूनच पलीकडे न्या. पाय हाताने उचलावा लागला किंवा चप्पल दांड्याला घासली, तर ती सायकल तुमच्यासाठी नाही. आडवा दांडा नसलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो, तीच घडण घ्या. साठीच्या पुरुषांनाही आम्ही तीच सुचवतो.

नंतर वजन. अशा बहुतेक सायकली २० ते २५ किलोंच्या असतात. मोटर बंद करून ढकलत वळवून पाहा, सोसायटीच्या पायरीएवढे पुढचे चाक उचलून पाहा. बॅटरी वाटेत संपली तर हेच वजन पायांनी ओढायचे आहे, म्हणून गिअर असलेलीच घ्या.

मोटर मदत कशी करते, हे विचारायला विसरू नका. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच सेन्सरला कळते. त्यामुळे मोटर अर्धा फेरा झाल्यावर एकदम ओढते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला हाच क्षण त्रासाचा. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि तेवढीच साथ देतो. किंमत जास्त, पण दुखऱ्या गुडघ्याला हा फरक लगेच जाणवतो. तो परवडत नसेल तर ब्रेकला हात लागताच मोटर बंद होते का, याची खात्री करा. मागचे चाक अधांतरी धरून, ते फिरत असताना ब्रेक किंचित दाबून बघितले की समजते.

थ्रॉटल, म्हणजे पायडल न मारता मोटर चालवायची सोय, असेल तर मूठ पिळण्याऐवजी अंगठ्याने दाबायचा बरा. सायकल हातात धरून चालताना तोल गेला की आपण मूठ घट्ट पकडतो, ती पिळली जाते आणि सायकल पुढे झेपावते. म्हणून नियमच करा : उतरण्याआधी मोटर बंद, चढून बसल्यावर चालू.

पहिले पंधरा दिवस सीट इतकी खाली ठेवा की बसल्या जागी दोन्ही चवडे जमिनीला टेकतील. पुढे थोडी थोडी वर घ्या. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट कायम खाली राहिली तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि दुखणे वाढते. गिअर हलका ठेवा; जोर लावून सावकाश मारण्यापेक्षा मिनिटाला साठेक हलके फेरे गुडघ्याला मानवतात.

आता ७० किमी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास वीज. पायडल मारत गेल्यास किलोमीटरला १२ ते १५ वॅट-तास धरा. २४ ते ३० किमी होतात. तुमच्या दिवसभराच्या कामाला हे पुरून उरते.

प्रश्न : लायसन्स लागते का?
– वाचक, ऐरोली

उत्तर : मोटरची शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आधी मोटरची मदत थांबत असेल, तर लायसन्स लागत नाही, आरटीओची नोंदणीही नाही. विक्रेत्याकडून एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागून घ्या. ‘लॉक काढून वेग वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. ती सवलत तिथेच संपते.

प्रश्न : घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर राहतो. पार्किंगमध्ये प्लग नाही. पावसाळ्यात काय करावे? येऊरचा चढ झेपेल का?
– वाचक, ठाणे

उत्तर : किल्लीने निघणारी बॅटरी घ्या. ती दोन-तीन किलोंची असते, पिशवीतून वर नेता येते. दोन अँपिअरच्या चार्जरवर १० अँपिअर-तासांना पाच-सहा तास लागतात आणि जेमतेम अर्धा युनिट वीज. फेरीवरून आल्यावर बॅटरी अर्धा तास निवू द्या. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा. गादीवर नको, रात्रभर नको आणि मुख्य दारापाशी तर मुळीच नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी पुन्हा लावू नका.

पावसाने मोटरपेक्षा वायरींच्या जोडण्या आधी बिघडतात. बॅटरी काढलेल्या खाचेतल्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. पाइपाने जोरदार पाणी मारून सायकल धुऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये ती उभीच राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवा, महिन्यातून एकदा तपासा.

येऊरच्या चढाला चाकातली मोटर हळू फिरते, जास्त करंट ओढते आणि तापते. सर्वांत हलका गिअर टाका, स्वतः पायडल मारा; नुसत्या थ्रॉटलवर चढू नका. उतरताना पुढे-मागे डिस्क ब्रेक हवेतच, आणि दोन्ही आलटून पालटून दाबा.

पंक्चरचेही आधीच बघा. मागच्या चाकात मोटर असली की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला चाक उघडायला कचरतो. वायरीचा जोड कुठे सुटतो आणि नटाला कोणत्या मापाचा पाना लागतो, हे दुकानात दाखवून घ्या आणि तो पाना सीटखालच्या पिशवीत ठेवा.